अक्कांचा बोगदा

अक्कांना फोन लावला की पलीकडून ‘हॅलो’ येत नसे. ‘कोण?’ येई. आपण नाव सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न, आणि तो दरवेळी निराळा. “मागच्या खेपेला लातूरला आलतीस तेव्हा छत्री विसरून गेलीस. कोणत्या रंगाची?”

“अक्का, माझ्याकडं छत्रीच नव्हती.”

“हां. मग तूच. बोल.”

मी तेव्हा नांदेडला एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. मूळ क्लास लातूरचा, नांदेडला त्याची शाखा. लातुरात त्या दिवसांत एकेका गल्लीत दोन-दोन क्लास, वर वसतिगृह, खाली खानावळ, आणि भिंतीभर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो, असं चाललं होतं. आमच्या क्लासची सगळी पुंजी म्हणजे प्रश्नपेढी. शिक्षकांनी वर्षानुवर्षं घासून घासून तयार केलेले प्रश्न, येत्या परीक्षांचे पेपर, पोरांचे निकाल, सगळं लातूरच्या ऑफिसातल्या एका मोठ्या मशीनवर. आम्ही नांदेडहून आपापल्या लॅपटॉपवर त्या मशीनचा पडदा उघडून काम करायचो. म्हणजे बोटं नांदेडात, अक्षरं लातुरात.

आणि त्या मशीनच्या राखणदार अक्का. संगणक विभागाच्या प्रमुख. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची नोकरी सोडून इथं आलेल्या. माहेर उदगीरकडचं, घरात बोलणं निम्मं कानडी, म्हणून त्या सगळ्यांच्या अक्का. वयानं मोठे असलेलेसुद्धा त्यांना अक्काच म्हणत. गळ्यात लिंगायतांचा शिवदोरा, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पोरांचे खेळायचे बूट. बूट का, असं कुणी विचारलंच तर म्हणत, “वायर बघायला शिडीवर चढावं लागतं. चपलेत चढून पडू का?”

नकार द्यायचा असला की अक्का मराठी सोडून देत. ‘बेडा’ म्हणत. कानडीत त्याचा अर्थ नको. पण अक्कांच्या तोंडून तो आला की त्यात नको, नाही, चालणार नाही आणि पुन्हा विचारू नकोस, एवढं सगळं बसत असे.

पहिला ‘बेडा’ मी नोकरीला लागल्याच्या आठवड्यातच ऐकला. “अक्का, त्या मशीनचा पासवर्ड मला मेलवर पाठवता का?”

“बेडा. लॅपटॉप घेऊन लातूरला ये. स्वतः ये. भावाला पाठवू नको.”

मी कुरकुरत एसटीत बसले. अक्कांनी आधी डब्यातली सुशीला खायला घातली. ओल्या चुरमुऱ्याची, वरून दाण्याचा कूट भुरभुरलेली. मग माझा लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि शेजारच्या एका जुन्या मशीनकडं बोट दाखवलं. त्या मशीनमध्ये काहीच नव्हतं. अक्कांनी ते मुद्दाम इंटरनेटवर उघडं सोडलं होतं, नवीन माणसाला दाखवायला. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत होत्या. कुणीतरी कुठूनतरी पासवर्ड टाकून बघत होतं, चुकत होतं, लगेच पुढचा टाकत होतं.

“जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यातनं लोक येऊन कडी वाजवून राहिलेत बघ,” अक्का म्हणाल्या. “ह्यांचं माझं काही वैर हाय का?”

“नाही.”

“मग का वाजवतात? दार दिसलं म्हणून. पासवर्ड किती का अवघड ठेव, दार दिसलं की वाजवणारा येणारच. म्हणून आपलं दार रस्त्यावरनं दिसतच न्हाई.”

मग त्यांनी मला बोगदा समजावून सांगितला. इंटरनेट म्हणजे सगळ्यांचा रस्ता. त्या रस्त्याखालून तुझ्या लॅपटॉपापासून आपल्या ऑफिसापर्यंत एक बोगदा. आत जे जातं ते अशा लिपीत जातं की वाटेत कुणी कान लावला तरी त्याला खरखर ऐकू येईल. आणि किल्ली नसलेल्यानं बोगद्याच्या तोंडाशी येऊन हाका मारल्या तरी आतून ओ येत नाही. त्याला वाटतं, इथं कुणी राहतच नाही. बोगद्यातून आलेल्यालाही आत आपलं नाव-पासवर्ड द्यावंच लागतं.

“आणि किल्ली?” मी विचारलं.

“ती तुझ्या लॅपटॉपातच तयार झाली. तिथनं बाहेर जायची न्हाई. मी तिचा जोडीदार तेवढा माझ्याकडं ठेवला, त्याच्यानं दार उघडत न्हाई, फक्त तुझी ओळख पटते. उद्या कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली तरी तुझी किल्ली मी देऊ शकत न्हाई. माझ्याकडं ती न्हाईच.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, जणू कुणी त्यांच्या लेकीचं कौतुक केलं होतं.

प्रत्येक लॅपटॉपला अक्का एखाद्या पिकाचं नाव देत. माझा करडई. आमच्या संचालकांचा, ज्यांना सगळे मालक सर म्हणत, सोयाबीन. “बघावं तिकडं तेच,” अक्कांचं स्पष्टीकरण. नांदेड शाखेतल्या फिजिक्सच्या सरांना हुलगा मिळाला. त्यांना तो अपमान वाटला. “इतरांना तूर, मूग आणि मला हुलगा?” अक्का शांतपणे म्हणाल्या, “हुलगा खडकावरसुद्धा येतो, सर. मान हाय तो.”

हे फिजिक्सचे सर उमरीचे. वर्गात पोरांना पोट धरून हसवणारे, आणि अक्कांशी भांडल्याशिवाय ज्यांचा आठवडा जात नसे असे. एकदा त्यांचा लॅपटॉप बंद पडला. पेपर तर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. सरांनी स्टेशनजवळच्या एका नेट कॅफेतून अक्कांना फोन लावला. मी शेजारीच होते.

“अक्का, आजच्या दिवस इथनं आत येऊ द्या. मीच आहे. आवाज ओळखला न्हाई का माझा?”

“आवाज ओळखला. ते कॅफेचं मशीन ओळखत न्हाई मी. त्यात आधी कोण बसलंतं, काय टाकून गेलं, तुम्हाला तरी माहीत हाय का?”

“अक्का, माणसावर विश्वास म्हणून काही हाय का न्हाई?”

“तुमच्यावर हाय. म्हणून तर सांगते, एसटी पकडा.”

सर तणतणत लातूरला गेले. अक्कांनी त्यांच्या जुन्या लॅपटॉपाची ओळख तिथल्या तिथं पुसली, ऑफिसातल्या एका लॅपटॉपात नवी किल्ली तयार करून दिली आणि पेपर होईस्तोवर शेजारी बसून राहिल्या. परत निघताना सरांच्या पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, “बाई डोक्यानं सर्किट हाय. पण चटणी लई भारी.” नंतरसुद्धा ते भांडत राहिले, पण मला वाटतं, चटणीच्या आशेनं.

अशा बाईचं घर कसं असेल? मी मनाशी चित्र रंगवलं होतं, जाळीचं दार, त्याला दोन कुलपं, भोकातून बघणारा डोळा. प्रत्यक्षात लातूरला मुक्काम पडला तेव्हा अक्का मला घरी घेऊन गेल्या आणि मी चकित झाले. दार सताड उघडं. घरात कुणी नाही. बाहेरच्या खोलीत वसतिगृहातल्या दोन मुली जमिनीवर बसून अभ्यास करत होत्या, त्यातली एक उठून आम्हालाच पाणी घेऊन आली. दाराला आतून कडी नव्हती. कडी होती त्या जागी लाकडात भोकं राहिली होती.

“अक्का, हे काय?” मी हसत म्हटलं. “तिथं बोगदे खणता आणि इथं कडीसुद्धा नाही?”

अक्का पोळ्या लाटत होत्या. हात थांबला नाही. “त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी पॉलिटेक्निकात शिकत होते. गणपती बुडवायला म्हणून गावाकडं गेलते. आमचं घर थोडक्यात वाचलं. चुलत्याच्या घराचं वरचं तुळवट खचलं आणि कडी दाबून बसली. चुलती आतनं कडी काढून राहिली, आम्ही बाहेरनं ढकलून राहिलो. दार हललं न्हाई.”

मी काही विचारायच्या आत त्यांनीच पुढं सांगितलं, “बोलत होती गं ती. बराच वेळ बोलत होती.”

तवा तापला होता. त्यांनी पोळी टाकली, उलटली, शेकली. मग म्हणाल्या, “मशीनचं दार आणि माणसाचं दार ह्यात फरक हाय. मशीनला बंद दारानं गुदमरत न्हाई.”

त्या दिवसानंतर मी अक्कांच्या ‘बेडा’ला कधी चिडले नाही. ही बाई संशयी नाही, हे मला कळलं होतं. कोणतं दार कशासाठी असतं याचा तिनं आमच्यापेक्षा जास्त विचार केला होता, इतकंच.

मालक सरांना मात्र ते कळायला तो मेळावा व्हावा लागला.

नांदेडला पालकांचा मोठा मेळावा होता. हॉल खच्चून भरलेला. देगलूर, उमरी, मुदखेडहून जीप भरभरून आई-बाप आलेले. मोठ्या पडद्यावर प्रश्नपेढी थेट दाखवायची, तुमच्या मुलाचा निकाल एका क्षणात कसा दिसतो ते पालकांना दाखवायचं, असं मालक सरांच्या मनात. आणि आयत्या वेळी लक्षात आलं की किल्ली असलेला त्यांचा लॅपटॉप लातूरला राहिलाय. आम्ही कुणीच मेळाव्याला लॅपटॉप घेऊन आलो नव्हतो. अक्का रजेवर, भाचीचं लग्न देगलूरला. सरांच्या पुतण्यानं तोड काढली. तो लातूरच्या ऑफिसात होता. त्यानं तिथल्या राउटरमध्ये जाऊन मशीनचं दार सरळ इंटरनेटवर उघडून दिलं. आता हॉलच्या कॉम्प्युटरवरून, किंवा जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून, नुसत्या पासवर्डावर आत जाता येत होतं.

मेळावा रंगला. सर माइकवर बोलत होते, पडद्यावर निकाल झळकत होते, टाळ्या पडत होत्या. आणि एकदम पडदा काळा.

सरांनी हॉलच्या माणसाकडं बघितलं, त्यानं वायरी हलवल्या. काही नाही. सरांनी पुतण्याला फोन लावायला मोबाइल काढला, तोच तो वाजला. मी पहिल्या रांगेत होते. सरांचा चेहरा बदलताना दिसला. ते माइकपासून दूर झाले, पण गडबडीत आवाज चढलाच.

“अक्का, इकडं पडदा गेला! लोक बसलेत समोर!”

अक्काही मोठ्यानं बोलत असणार, मागं लग्नातली वाजंत्री वाजत होती. तरी त्यांचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. “गेला न्हाई सर. मी घालवला.”

राउटरला कुणी हात लावला की अक्कांच्या फोनवर निरोप जाईल, अशी सोय त्यांनी कधीच करून ठेवली होती. अक्षता पडत असताना फोन थरथरला. पुतण्यानं फोन उचलला नाही. तेव्हा ही बाई मांडवातून उठली, स्वयंपाकाच्या जागी तांदळाच्या पोत्यावर बसली, पिशवीतला लॅपटॉप काढला आणि बोगद्यातून जाऊन दार बंद केलं. लग्नाला येतानासुद्धा लॅपटॉप बरोबर होता, हे ऐकून मला नवल वाटलं नाही.

“उद्यापासून येऊ नका तुम्ही!” सर ओरडले आणि फोन ठेवला.

अक्का दुसऱ्या दिवशी आल्या. रोजच्या वेळेला, रोजच्या बुटांत. सरांकडं गेल्या नाहीत, थेट मशीनपाशी बसल्या. मी त्या दिवशी कामानं लातुरात होते. दुपारी त्यांनी सरांना बोलावणं पाठवलं. सर रागातच आले. अक्कांनी पडद्याकडं बोट केलं. मशीनवर काम करणाऱ्यांच्या नावांत एक परकं नाव होतं. आमच्यातलं कुणाचंच नाही. काल दार उघडं होतं तेवढ्यात कुणीतरी पासवर्ड शोधून आत येऊन स्वतःसाठी जागा करून गेलं होतं. नंतर सवडीनं परत यायला.

“आला होता,” अक्का म्हणाल्या. “बसायच्या आत बाहेर पडला.”

सरांनी बराच वेळ ते नाव बघितलं. “काही नेलं का?”

“न्हाई दिसत. पण मला ‘दिसत न्हाई’वर झोप यायची न्हाई. सगळं पुसून परवा काढून ठेवलेल्या प्रतीवरनं नव्यानं मांडते. दोन दिवस मशीन बंद राहील.”

“परीक्षा तोंडावर आहे, अक्का.”

“म्हणूनच.”

सर निघून गेले. ‘येऊ नका’ हा शब्द त्यांनी परत घेतला नाही, माफी मागितली नाही. मशीन पुन्हा उभं राहिलं त्या सकाळी मात्र मी बघितलं, अक्कांच्या दाराबाहेर बाकावर, नवी किल्ली करून घ्यायला आपला लॅपटॉप मांडीवर घेऊन मालक सर बसले होते. आत एक गणिताची नवी मॅडम होती. अक्कांनी हाक मारल्यावरच सर उठले.

मग कोरोनाची टाळेबंदी आली. शहरातले क्लास धडाधड बंद पडले, पोरं ट्रकांत बसून गावोगाव गेली. आमचा क्लास एक दिवसही थांबला नाही. कारण कुणाला काही नवीन करावंच लागलं नाही. प्रत्येकाचा लॅपटॉप अक्कांच्या हातून गेलेला, प्रत्येकाचा बोगदा आधीच खणलेला. कुणी उमरीच्या माळवदावर बसून, कुणी मुदखेडच्या गोठ्याशेजारी बसून पेपर काढत होतं. अक्का एकट्याच लातूरच्या रिकाम्या ऑफिसात रोज जाऊन बसत.

दुसऱ्या लाटेत फिजिक्सचे सर गेले. चार दिवस आधी फोनवर अक्कांशी भांडले होते.

अक्कांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी कुणासाठी वाकवलेला मी बघितला नव्हता. माणूस क्लास सोडून गेला की तो जिना उतरायच्या आत त्याच्या लॅपटॉपाची ओळख पुसायची. राग-लोभाचा प्रश्न नाही. मालक नसलेली किल्ली कुणाच्याही हातात जाते. सर गेल्यावर मी गृहीत धरलं की हे झालं असेल. पण अक्कांचा फोन आला. ‘कोण?’ न म्हणता त्या पहिल्यांदाच थेट बोलल्या.

“तू तिकडंच हाईस. वहिनींकडं जाऊन ये. मला सरांचं बंद करायचंय. न सांगता करवत न्हाई.”

मी गेले. ओट्यावर, लांब उभी राहिले. वहिनी दारात आल्या, त्यांच्या मागं बारावीतली मुलगी. मी फोनचा आवाज मोठा करून मध्ये पायरीवर ठेवला.

“वहिनी,” अक्का म्हणाल्या, “सरांच्या लॅपटॉपातनं आमच्या मशीनकडं वाट हाय. ती आता बंद करावी लागते. तुमची हरकत न्हाई ना?”

वहिनी मुलीकडं बघत होत्या. मुलगीच बोलली. “आत्या, पप्पांचे प्रश्न तिकडंच आहेत ना? मला एकदा बघायचेत.”

मला वाटलं, आता ‘बेडा’ येणार.

“बघ,” अक्का म्हणाल्या. “उद्या दुपारी बघ. घाई करू नको. मी इथं बसते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांची वाट तेवढी उघडी ठेवली. पण तिथून फक्त फिजिक्सची पेढी उघडेल एवढीच मोकळीक दिली, येत्या परीक्षांचे पेपर आड केले, आणि स्वतः त्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसल्या. मुलगी नांदेडात काय करतेय ते अक्कांना लातुरात जसंच्या तसं दिसत होतं.

हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. “पडद्यावर तो बाण हलत होता गं. सरांच्या नावानं. पोरगी एकेक प्रश्न उघडायची, त्यावर थांबायची, पुढं जायची. सरांनी मध्येमध्ये गंमती लिहून ठेवल्यात न्हाई का, बैलगाडीचा वेग काढा, आत्याच्या झोक्याचा काळ काढा, तिथं जास्त थांबायची. सगळी दुपार बाण हलत होता. मी माऊसला हात लावला न्हाई. आपला हात लागला तर बाण तिच्या हातातनं सुटंल म्हणून.”

शेवटचा प्रश्न अर्धवट होता. सरांनी तो दवाखान्यात जायच्या दिवशी लिहायला घेतला असणार. प्रश्न पूर्ण होता, पर्याय तीनच. चौथ्यासमोर नुसतं कंसातलं अक्षर. त्या ओळीवर बाण किती वेळ थांबला ते अक्का सांगू शकल्या नाहीत. मग एकेक अक्षर उमटू लागलं. मुलीनं चौथा पर्याय लिहिला, जतन केला, आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणं रीतसर बाहेर पडून पडदा मिटला.

त्यानंतर अक्कांनी सरांची ओळख पुसली.

तो प्रश्न अजून पेढीत आहे. मी जीवशास्त्राची, म्हणून फिजिक्सच्या नव्या सरांकडून तपासून घेतला. सरांनी लिहिलेले तिन्ही पर्याय चूक होते. मुलीनं लिहिलेला तेवढा बरोबर होता.